जुना फोन शेवटी पुसावा : नव्या मोबाइलवर जाण्याचा योग्य क्रम

चवथीच्या आधीच्या महिन्यात गोव्यात आमच्या फोंड्याच्या वाड्यावर नवे फोन येऊ लागतात. कोणाचा मुलगा बोटीवरून येताना घेऊन येतो, कोणी सणाच्या सवलतीत घेतो, तर कोणाचा जुना फोन पावसात भिजून बंद पडलेला असतो. त्यानंतरच्या आठवड्यात माझ्याकडे मदतीसाठी येणाऱ्यांच्या तक्रारी मात्र दरवर्षी त्याच असतात : व्हॉट्सॲपवरचे सगळे संभाषण गेले, पैसे पाठवण्याचे ॲप चालू होत नाही, नातवाचे फोटो दिसत नाहीत. यांतली जवळजवळ प्रत्येक तक्रार चुकीच्या क्रमातून आलेली असते. लोक जुना फोन आधी पुसतात किंवा देऊन टाकतात, आणि मग नव्या फोनमध्ये काय आले नाही ते शोधत बसतात. म्हणून पुढील सर्व टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. प्रत्यक्ष कामाला एक पूर्ण दिवस लागतो. त्यानंतर जुना फोन किमान पंधरा दिवस तसाच कपाटात राहू द्यावा.

हा लेख मुख्यतः एका अँड्रॉइड फोनवरून दुसऱ्या अँड्रॉइड फोनवर जाणाऱ्यांसाठी आहे. आयफोनच्या बाबतीत जिथे वेगळे करावे लागते, तिथे तसे सांगितले आहे.

१. तयारी : दिवस, वही आणि सिम

कामाला सुरुवात सकाळी करावी, आणि बँका व मोबाइल कंपनीचे दुकान उघडे असते असा दिवस निवडावा. सणाच्या आदल्या संध्याकाळी हे काम काढू नये. पावसाळ्यात वीज गेली की घरातला वायफायही जातो आणि अर्धवट झालेले हस्तांतर पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. त्यामुळे दोन्ही फोन आधी पूर्ण चार्ज करून घ्यावेत आणि आभाळ भरून आलेले असेल तर मोठी फाइल पाठवण्याचे काम थांबवावे.

वहीचे एक पान घेऊन जुन्या फोनमधील सर्व ॲप पहिल्या पडद्यापासून शेवटच्या पडद्यापर्यंत पाहत जावे आणि ज्यात आपले काही साठवलेले आहे किंवा ज्यात लॉगिन करावे लागते, त्यांची नावे लिहावीत. आठवून केलेल्या यादीत हमखास काहीतरी सुटते : ध्वनिमुद्रित केलेली भजने, नोंदींच्या ॲपमधला दुधाचा हिशेब, विमा कंपनीचे ॲप. याच पानावर *#०६# डायल करून मिळणारा दोन्ही फोनचा १५ अंकी आयएमईआय क्रमांक, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, उतरवून घ्यावा. फोन हरवल्यास पोलीस तक्रारीसाठी आणि दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावरून तो बंद करण्यासाठी हा क्रमांक लागतो. यूपीआयचा पिन आणि बँकेचा पासवर्ड मात्र या पानावर लिहू नयेत.

नवा फोन वापरलेला असेल, तर पैसे देण्यापूर्वी त्याचा आयएमईआय तपासावा. इंग्रजीत केवायएम ही तीन अक्षरे, एक जागा सोडून आयएमईआय क्रमांक, असा संदेश १४४२२ या क्रमांकावर पाठवला की त्या फोनची माहिती परत येते. तो काळ्या यादीत असल्याचे उत्तर आले तर व्यवहार तिथेच सोडून द्यावा.

सिमचा विचार आधी केला नाही तर सगळा दिवस वाया जातो. जुन्या फोनमधले तेच सिम नव्या फोनमध्ये बसत असेल तर प्रश्न नाही. पण सिम खराब झाले म्हणून बदलून घ्यायचे असेल, किंवा नवा फोन फक्त ई-सिम (कार्डाशिवाय, फोनमध्येच भरले जाणारे सिम) घेणारा असेल, तर सिम बदलल्यानंतर पहिले २४ तास त्या क्रमांकावरची एसएमएस सेवा बंद ठेवली जाते. फसवणूक टाळण्यासाठी दूरसंचार विभागाने हा नियम केला आहे. या काळात ओटीपी येत नाही आणि यूपीआयची नोंदणीही होत नाही. अमेरिकेतून आणलेल्या आयफोन १४ आणि त्यानंतरच्या फोनना सिमची जागाच नसते, म्हणून तिथून फोन येणार असेल तर हा एक दिवस आधीच हिशेबात धरावा.

इशारा : ऑनलाइन खरेदीत जुना फोन बदल्यात द्यायचा असेल, तर बहुतेक वेळा नवा फोन देणारा माणूस दारातच जुना फोन घेऊन जातो. दोन्ही फोन एकाच वेळी हातात असण्याची संधी तुम्हाला मिळत नाही. माझ्या मते दोन-तीन हजारांच्या सवलतीसाठी हा धोका पत्करू नये. पत्करायचाच असेल तर पुढचे टप्पे २ ते ४ मधील सर्व बॅकअप फोन येण्याच्या आदल्या रात्री पूर्ण करून तपासलेले असले पाहिजेत.

२. गुगल खाते आपल्या ताब्यात आहे का?

अँड्रॉइड फोनमध्ये संपर्क, फोटो आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप ही तिन्ही कामे एका गुगल खात्यावर उभी असतात. अनेकांचे हे खाते पहिला फोन घेताना दुकानातल्या मुलाने उघडून दिलेले असते, आणि त्याचा पासवर्ड घरात कोणालाच माहीत नसतो. जुना फोन चालू आहे तोवर हे जाणवत नाही, कारण फोन पासवर्ड विचारत नाही. नवा फोन मात्र तो पहिल्याच पडद्यावर विचारतो.

यासाठी जुन्या फोनच्या सेटिंग्जमध्ये गुगल या विभागात जाऊन खात्याचा पूर्ण ईमेल पत्ता वहीत उतरवावा. त्यानंतर घरातल्या संगणकावर किंवा विश्वासातल्या माणसाच्या फोनवर, ब्राउझरच्या नव्या खाजगी खिडकीत, तो पत्ता आणि पासवर्ड घालून खाते उघडते का ते पाहावे. उघडले नाही तर जुन्या फोनवरूनच नवा पासवर्ड ठरवून घ्यावा. आधीपासून उघडे असलेले उपकरण हातात असताना हे काम सर्वांत सोपे असते. खात्याच्या सुरक्षा विभागात पुनर्प्राप्तीसाठी दिलेला मोबाइल क्रमांक सध्याचाच आहे ना, हेही पाहावे. कित्येकांच्या खात्यात तिथे बंद पडलेला जुना क्रमांक असतो.

दोन-टप्पी पडताळणी (पासवर्डानंतर आणखी एक कोड मागणारी सोय) सुरू असेल तर त्याच विभागातून दहा बॅकअप कोड मिळतात. ते कागदावर छापून किंवा लिहून घरातल्या कागदपत्रांच्या पिशवीत ठेवावेत. प्रत्येक कोड एकदाच चालतो.

तपासणी : दुसऱ्या उपकरणावर खाते उघडून पाहिल्याशिवाय पुढच्या टप्प्याकडे जाऊ नये.

३. संपर्क आणि फोटो

संपर्क तीन ठिकाणी असू शकतात : सिमवर, फोनच्या स्मृतीत आणि गुगल खात्यात. नव्या फोनवर आपोआप येतात ते फक्त खात्यातले. संपर्कांच्या ॲपमध्ये ते कुठे साठवले आहेत ते दिसते. तिथून फोनमधले आणि सिमवरचे संपर्क खात्यात घ्यावेत. मग संगणकावर गुगल संपर्क उघडून तीन नावे शोधावीत : एक अलीकडे जोडलेले, एक फार जुने आणि एक मराठीत लिहिलेले.

फोटोंच्या बाबतीत लोकांचा समज असा असतो की गुगल फोटोजमध्ये बॅकअप सुरू असला की सगळे फोटो सुरक्षित आहेत. प्रत्यक्षात कॅमेऱ्याने काढलेले फोटोच आपोआप चढतात. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोंचे फोल्डर वेगळे असते आणि ते बॅकअपच्या सेटिंगमध्ये जाऊन स्वतः निवडावे लागते. आपल्या घरांतले लग्नाचे आणि मुंजीचे निम्मे फोटो कोणीतरी पाठवलेलेच असतात, म्हणून हे फोल्डर चुकवू नये.

गुगल खात्यात फुकट मिळणारी जागा १५ जीबी असते, आणि तीत ईमेल, ड्राइव्हमधल्या फाइल, फोटो आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप हे सर्व मोजले जाते. जागा भरली की बॅकअप थांबतो. पडद्यावर एक लहानशी सूचना येते आणि ती कोणी वाचत नाही. जागा अपुरी असेल तर फोन केबलने संगणकाला जोडून कॅमेऱ्याचे आणि व्हॉट्सॲपचे फोल्डर तिथे उतरवून घ्यावे. पैसे देऊन जागा वाढवण्यापेक्षा मला हा मार्ग अधिक बरा वाटतो, कारण संगणकावर उतरलेली प्रत आपल्या डोळ्यांसमोर असते.

इशारा : जुना फोन ‘साफ’ करण्यासाठी गुगल फोटोजच्या ॲपमध्ये जाऊन फोटो एकेक करून काढून टाकू नयेत. त्या ॲपमधून काढलेला फोटो खात्यातूनही जातो, आणि म्हणून नव्या फोनवरूनही नाहीसा होतो. बॅकअप झालेला फोटो कचरापेटीत ६० दिवस राहतो, तेवढ्या मुदतीत तो परत आणता येतो. संपर्कांचेही तसेच आहे. तिथे मागील ३० दिवसांतली स्थिती परत आणण्याची सोय आहे. जुन्या फोनमधले काहीही हाताने पुसायचे नाही, एवढे लक्षात ठेवले तर यांतली कोणतीच दुरुस्ती करावी लागणार नाही.

४. व्हॉट्सॲप

सर्वाधिक चुका याच टप्प्यावर होतात, म्हणून तो सावकाश करावा.

आधी जुन्या फोनवर सेटिंग्ज, मग चॅट्स, मग चॅट बॅकअप असे जावे. तिथे शेवटच्या बॅकअपची तारीख, त्याचा आकार आणि तो कोणत्या गुगल खात्यात जातो ते लिहिलेले असते. हे खाते आपण दुसऱ्या टप्प्यात तपासलेलेच आहे ना, ते पाहावे. फोनमध्ये मुलाचे खाते आणि स्वतःचे खाते अशी दोन खाती असल्यामुळे बॅकअप भलत्याच ठिकाणी गेल्याची उदाहरणे मी वारंवार पाहतो. व्हिडिओ हवे असतील तर ते बॅकअपमध्ये घेण्याचा पर्याय वेगळा सुरू करावा लागतो. मग वायफायवर असताना नवा बॅकअप घ्यावा आणि आजची तारीख उमटेपर्यंत थांबावे.

त्याच पडद्यावर एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप (कुलूपबंद बॅकअप) सुरू असल्याचे दिसले तर त्याचा पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली आपल्याकडे आहे का, ते आत्ताच पाहावे. ती नसेल तर तो बॅकअप उघडता येत नाही आणि व्हॉट्सॲपलाही तो उघडून देता येत नाही. आठवत नसल्यास जुना फोन चालू असतानाच ही सोय बंद करून किंवा नवा पासवर्ड ठरवून पुन्हा बॅकअप घ्यावा. व्हॉट्सॲपच्या दोन-टप्पी पडताळणीचा सहा अंकी पिनही याच वेळी तपासावा. पिन विसरला असेल आणि ईमेल जोडलेला नसेल, तर नव्या फोनवर सात दिवस थांबावे लागते.

दोन्ही फोन हातात असतील तर गुगल खात्यातल्या बॅकअपपेक्षा एका फोनवरून दुसऱ्यावर थेट हस्तांतर चांगले. त्यात गुगल खात्याच्या जागेचा प्रश्न येत नाही. दोन्ही फोनचे वायफाय आणि लोकेशन सुरू ठेवावे. जुन्या फोनवर चॅट्सच्या सेटिंगमध्ये ‘ट्रान्स्फर चॅट्स’ निवडून सुरुवात करावी. नव्या फोनवर व्हॉट्सॲप घेऊन तोच क्रमांक नोंदवावा; सिम अजून जुन्या फोनमध्ये असले तरी चालते, कारण सहा अंकी कोड तिथे वाचून इथे भरता येतो. नव्या फोनवर जुन्या संभाषणाच्या हस्तांतराची सुरुवात केली की क्यूआर कोड दिसतो, तो जुन्या फोनने टिपावा. पूर्ण होईपर्यंत दोन्ही फोनवर व्हॉट्सॲप उघडेच ठेवावे आणि मध्ये कॉल घेऊ नयेत. ही पद्धत अँड्रॉइडवरून अँड्रॉइडवर आणि आयफोनवरून आयफोनवर चालते. अँड्रॉइडवरून आयफोनवर जायचे असेल तर ॲपलचे ‘मूव्ह टू आयओएस’ हे ॲप लागते, आणि त्यासाठी आयफोन अगदी नवा किंवा पूर्ण पुसून पहिल्या पडद्यावर आणलेला असावा लागतो. म्हणून आयफोन मिळाल्याबरोबर तो उत्साहाने सुरू करून टाकू नये.

बॅकअपवरून संभाषण परत आणायचे असेल, तर नोंदणीच्या वेळी ‘रिस्टोअर’ हा पर्याय एकदाच समोर येतो. घाईत ‘स्किप’ दाबले गेले तर व्हॉट्सॲप वापरायला सुरुवात न करता ते लगेच काढून टाकावे, पुन्हा घ्यावे आणि पुन्हा नोंदणी करावी. तशाच रिकाम्या व्हॉट्सॲपवर दोन-चार दिवस काम चालवले, तर नव्या फोनचा नवा बॅकअप खात्यातल्या जुन्या बॅकअपची जागा घेतो आणि मग परत आणण्यासारखे तिथे काही उरत नाही.

इशारा : नोंदणी झाल्यावर जुना फोन ‘या क्रमांकाची पुन्हा पडताळणी करा’ असे विचारतो. तिथे काहीही दाबू नये, नाहीतर नव्या फोनवरचे व्हॉट्सॲप बंद होईल. जुन्या फोनवरचे ॲप काढूनही टाकू नये. आणि सहा अंकी कोड फोनवर कोणालाही वाचून दाखवू नये. मदत करायला बसलेल्या भाच्यानेही तो तुमच्या शेजारी बसूनच पाहावा.

तपासणी : नव्या फोनवर एक जुना संवाद उघडून दोन वर्षांमागचा एखादा संदेश दिसतो का, आणि त्यातला फोटो उघडतो का, ते पाहावे. गटाचे नाव दिसले म्हणजे आतले सगळे आले असे समजू नये.

५. सिम हलवणे आणि पैशांची ॲप

आता जुन्या फोनमधून सिम काढून नव्या फोनमध्ये घालावे. पैशांच्या ॲपचे काम शेवटाकडे ठेवण्याचे कारण असे की ही ॲप क्रमांक, सिम आणि फोन या तिघांना एकत्र बांधतात. यूपीआय ॲप नोंदणीच्या वेळी तुमच्या फोनवरून एक सांकेतिक एसएमएस स्वतःहून पाठवते आणि त्यावरून बँक तो फोन ओळखते. म्हणून बँकेत दिलेल्या क्रमांकाचे सिम प्रत्यक्ष त्याच फोनमध्ये असावे लागते. ओटीपी दुसऱ्या फोनवरून वाचून इथे काम भागत नाही.

नोंदणी फसते तेव्हा लोक बँकेला दोष देतात, पण कारण बहुधा साधे असते. रिचार्जमध्ये एसएमएसची सोयच नसते, किंवा दोन सिमच्या फोनमध्ये एसएमएस दुसऱ्या सिमवरून जातो, किंवा सत्तरी-सांगेच्या डोंगराळ भागातल्या घरात रेंज इतकी क्षीण असते की संदेश जातच नाही. प्रथम त्या सिमवरून घरातल्या कोणालातरी साधा एसएमएस पाठवून तो पोचतो का पाहावे, एसएमएससाठी तेच सिम निवडावे, आणि रेंज नसेल तर रेंज असलेल्या जागी जाऊन नोंदणी करावी. सलग चार-पाच वेळा प्रयत्न करत राहू नये, कारण अनेक प्रयत्न फसल्यावर काही काळ नोंदणी अडवली जाऊ शकते.

तुमचा यूपीआय पिन फोन बदलल्याने बदलत नाही. तो आठवत नसेल तर नवा ठरवण्यासाठी डेबिट कार्डाचे शेवटचे सहा अंक आणि मुदतीची तारीख लागते, म्हणून कार्ड जवळ ठेवावे. नोंदणी झाल्यावर घरातल्या माणसाला एक रुपया पाठवून पाहावा.

नव्या फोनवर पहिल्या २४ तासांत बँका यूपीआयची मर्यादा कमी ठेवतात. ती साधारण ५,००० रुपयांची असते, आणि आयफोनवर हा काळ ७२ तासांपर्यंत असू शकतो. चवथीच्या दोन दिवस आधी फोन बदलणाऱ्याला मूर्तिकाराचे उरलेले पैसे आणि किराण्याचे बिल एकाच दिवशी द्यायचे असेल तर तो अडकतो. मोठी देणी जुन्या फोनवरून आदल्या दिवशीच चुकती करावीत, आणि माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या) बाजारासाठी रोख रक्कम काढून ठेवावी.

इशारा : नोंदणीच्या वेळी जाणारा तो सांकेतिक संदेश कोणाच्याही सांगण्यावरून दुसऱ्या क्रमांकावर पाठवू नये. तो पाठवला की तुमचे खाते समोरच्या माणसाच्या फोनला जोडले जाऊ शकते. पैसे मिळवण्यासाठी पिन कधीही लागत नाही. तरीही पैसे गेले तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

६. उरलेली ॲप

आता वहीतली यादी घेऊन एकेक ॲप उघडावे आणि चालू झाल्यावर नावापुढे खूण करावी. डिजिलॉकरमधली कागदपत्रे फोनमध्ये नसतात, त्यामुळे पुन्हा लॉगिन केले की ती दिसतात. एमआधारमधील प्रोफाइल एका वेळी एकाच फोनवर चालते. गोवा ऑनलाइनसारख्या सरकारी सेवांना फक्त क्रमांक चालू असावा लागतो.

कोड देणारे गुगल ऑथेंटिकेटर वापरत असाल तर येथे थांबून लक्ष द्यावे. जुन्या फोनवर त्यातून खाती बाहेर पाठवण्याचा पर्याय निवडून आलेला क्यूआर कोड नव्या फोनने टिपावा, आणि दोन्ही फोनवर एकाच क्षणी तेच सहा अंक दिसतात का ते ताडून पाहावे. हे न करता जुना फोन पुसला तर त्या प्रत्येक सेवेच्या दारात उभे राहून ओळख पटवत बसावे लागते.

ध्वनिमुद्रणे, डाउनलोड केलेल्या पीडीएफ आणि नोंदी केबलने किंवा जवळच्या फोनला फाइल पाठवण्याच्या सोयीने हलवाव्यात.

७. पंधरा दिवसांनंतर

या काळात जुना फोन बंद करून ठेवावा, पण पावसाळ्याच्या दमटपणात तसाच टाकून देऊ नये. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून आठवड्यातून एकदा चार्ज करावा. एखादी गोष्ट आली नाही हे बहुधा दुसऱ्या आठवड्यात, वीजबिल भरताना किंवा एखादे प्रमाणपत्र शोधताना कळते.

यादीतल्या सर्व नावांपुढे खुणा झाल्या की पुसण्याचे काम पुढील क्रमाने करावे. मेमरी कार्ड आणि सिम बाहेर काढावे. सेटिंग्जमधून गुगल खाते त्या फोनवरून काढावे; खाते न काढता फोन पुसला तर पुढच्या माणसाला तो सुरू करताना तुमचेच खाते विचारले जाण्याची शक्यता असते आणि तो फोन त्याच्या उपयोगाचा राहत नाही. आयफोन असल्यास आधी ‘फाइंड माय’ ही हरवलेला फोन शोधण्याची सोय बंद करावी. मग सेटिंग्जमधूनच फॅक्टरी रिसेट करावे आणि फोन पहिल्या, भाषा विचारणाऱ्या पडद्यावर आलेला स्वतः पाहावा. दुकानदार ‘मी पुसून घेईन’ म्हणाला तरी तसाच देऊ नये.

शेवटी नव्या फोनवर गुगल खात्याच्या सुरक्षा विभागात ‘तुमची उपकरणे’ ही यादी उघडावी, जुन्या फोनचे नाव अजून दिसत असेल तर तिथून त्याला साइन आउट करावे, आणि मगच तो फोन दुसऱ्याच्या हाती द्यावा.